किंडरडाइकच्या पवनचक्क्या: दळण नाही, मग उपसलेलं पाणी जायचं कुठे?

गोदातीर

नमस्कार मंडळी. मुलीकडे रॉटरडॅमला दोन महिन्यांसाठी आले आहे. शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. नेदरलँड्सच्या धड्यात 'पोल्डर' (बांध घालून कोरडी ठेवलेली सखल जमीन) शब्द आला की मी फळ्यावर ठरलेली आकृती काढायची. डावीकडे समुद्र, मध्ये बांध, उजवीकडे खोलात शेत, शेतात एक गाय आणि बांधाजवळ एक पवनचक्की. चक्की काय करते, तर पाणी उपसते. एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळायचे. कशी उपसते हे मुलांनी विचारलं नाही आणि मीही कधी खोलात गेले नाही.

परवा वॉटरबसने किंडरडाइकला गेलो. रुंद कालव्यांच्या दोन्ही अंगांनी ओळीने चक्क्या उभ्या. एकूण १९ आहेत म्हणे. एका बाजूच्या गोल, विटांच्या. दुसऱ्या बाजूच्या आठकोनी, अंगावर गवताचं शाकार. मला तर पाय उचलवेना. इतकी वर्षं खडूने काढलेली गोष्ट समोर फिरत होती.

आठ वर्षांची नात बरोबर होती. संग्रहालय केलेल्या चक्कीत शिरल्याबरोबर तिने विचारलं, "आजी, पीठ कुठंय?" दळायचं जातं नाहीच, हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. आत चूल, भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगपेट्या, अरुंद जिना आणि मधोमध वरून खाली आलेला एक जाडजूड लाकडी खांब. मी तिला सांगितलं की ही चक्की पाणी उपसते. त्यावर तिचा पुढचा प्रश्न: "उपसून टाकते कुठे? नदी तर शेतापेक्षा वर आहे!"

खरंच आहे की. बांधावर उभं राहिलं तर लेक नदीचं पाणी एका बाजूला वर आणि गावाची जमीन दुसऱ्या बाजूला खाली, हे डोळ्यांना दिसतं. मग त्या काळी नुसत्या वाऱ्यावर पाणी एवढं वर कसं चढवत? रहाटासारखं काही आत असतं का? एकाच जागी इतक्या चक्क्या कशासाठी? आणि आम्ही पाहिलं तेव्हा चार-पाच चक्क्या फिरत होत्या, बाकीच्या थांबलेल्या. थांबलेल्यांपैकी काहींची पाती अधिक चिन्हासारखी, काहींची गुणिले चिन्हासारखी. त्याला काही अर्थ आहे का?

नातीला नीट उत्तर द्यायचं आहे. कुणाला आतली माहिती असेल तर सविस्तर लिहा.

शेवंती

काकू, आम्ही चार वर्षं डॉर्डरेख्टला होतो, किंडरडाइक सायकलवर. पात्यांचं मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं होतं. अधिकसारखी उभी असतील तर चक्की थोड्या वेळापुरती थांबली आहे, पुन्हा चालू होईल. गुणिलेसारखी असतील तर लांबची विश्रांती. आतल्या यंत्राचं मात्र मला सांगता येणार नाही. इथे एक जण पवनचक्की चालवायला शिकतात, त्यांनी लिहावं.

वाऱ्याची_वाट

शेवंतीताईंनी माझ्याबद्दलच लिहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो. काकू, तुमच्या नातीने नेमका प्रश्न विचारला आहे. मी दक्षिण हॉलंडमधल्या एका पोल्डरच्या चक्कीवर दीड वर्ष दर शनिवारी जातो. नोकरी वेगळी, हे स्वयंसेवक म्हणून. इथे चक्की चालवणाऱ्याला मोलेनार म्हणतात. स्वयंसेवक मोलेनारांची संघटना १९७२ पासून आहे. किमान १५० तास प्रत्यक्ष चक्कीवर, तेही वेगवेगळ्या ऋतूंत काढल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मोलेनारांच्या या कसबाला २०१७ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आधी तुम्ही पाहिलेला तो मधला खांब. पात्यांची आस वर टोपीत, म्हणजे चक्कीच्या फिरत्या माथ्यात, जवळजवळ आडवी असते. तिच्यावर मोठं दातेरी चाक. ते या उभ्या खांबाला फिरवतं. खांबाच्या खालच्या टोकाला आणखी एक दातेरी जोडी, आणि तिच्यातून पाण्यातलं चाक फिरतं. सगळं लाकूड. दात्यांना आम्ही मधमाशांचं मेण लावतो आणि आस ज्या दगडावर टेकते तिथे डुकराची चरबी. शेकडो वर्षं हेच वंगण चालत आलंय.

पाण्यातलं चाक रहाट नव्हे. रहाटाला गाडगी असतात, ती पाणी भरून घेतात आणि वर ओततात. इथे गाडगी नाहीत, नुसत्या फळ्या. दोन भिंतींच्या मधल्या अरुंद नाळीत हे उभं चाक फिरतं. फळी पाण्याला मागून रेटते, पुढे तळ वळण घेऊन चढत जातो, पाणी त्या चढावरून ढकललं जातं. चाक आणि भिंत यांच्यात फट अगदी थोडी ठेवलेली असते, नाहीतर रेटलेलं पाणी बाजूने मागे निसटतं.

चढाच्या माथ्यावर एक दार असतं. मला सगळ्या चक्कीत हे दार सर्वांत आवडतं. त्याला कडी नाही, दोर नाही. चाकाने रेटलेलं पाणी आलं की ते ढकलून उघडतं. वारा पडला, चाक थांबलं, की पलीकडचं उंच पाणी परत यायला बघतं आणि त्याच्याच दाबाने दार बंद होतं. मी पहिल्यांदा चक्की चालवली त्या दिवशी गुरुजींनी (माझ्या शिकवणाऱ्या मोलेनारांना मी मनातल्या मनात गुरुजीच म्हणतो) मला खाली नेऊन त्या दाराशी उभं केलं. वर पाती फिरायला लागली होती, लाकूड करकरत होतं, पण पाणी हलत नव्हतं. चाक पाच-सहा फेऱ्या नुसतं घुसळत राहिलं. मग एकदम धप् असा आवाज आला, दार उघडलं आणि कालव्यात हिरवट पाण्याचा लोट शिरला. मला शब्द सुचले नाहीत. शेतातलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत नुसत्या वाऱ्याने वर चढलं होतं.

आता नातीच्या प्रश्नाचं मर्म. अशा चाकाला त्याच्या व्यासाच्या साधारण पाव भाग एवढंच पाणी चढवता येतं. चाक सहा मीटरचं, तर दीड मीटर. त्याहून उंच चढवायला गेलं तर पाणी फळ्यांवरून मागे येतं. म्हणजे एकटी चक्की खोल शेतातून थेट नदीत पाणी टाकू शकत नाही. त्यासाठी पायऱ्या करतात. शेतातल्या चरांचं पाणी आधी खालच्या साठवण-कालव्यात. तिथून चक्की ते वरच्या साठवण-कालव्यात चढवते. या साठवणीला इथे 'बूझेम' म्हणतात, खालची आणि वरची. वरच्या बूझेममध्ये पाणी थांबून राहतं. लेक नदीला तिथे भरती-ओहोटी आहे. ओहोटी लागून नदी वरच्या बूझेमच्या खाली उतरली की बांधातली दारं उघडायची आणि पाणी आपोआप नदीत. भरती आली की दारं बंद. शेवटची पायरी चक्की चढतच नाही, त्या वेळी नदीच खाली येते.

इतक्या चक्क्या का, तेही यातून कळतं. आल्ब्लासरवार्डचा सगळा सखल प्रदेश उतरत उतरत किंडरडाइकच्या कोपऱ्यापर्यंत येतो आणि दोन वेगळ्या पाणी-मंडळांचे (पाण्याची व्यवस्था बघणाऱ्या संस्थांचे) कालवे तिथे शेजारी शेजारी पोहोचतात. तुम्ही पाहिलेल्या विटांच्या गोल आठ चक्क्या नेडरवार्डच्या, बांधलेलं साल १७३८. गवती शाकाराच्या आठ ओव्हरवार्डच्या, १७४०. उरलेल्या तीन छोट्या पोल्डरांच्या. पाऊस मोठा आणि वारा बेभरवशाचा. वारा असेल तेवढ्या वेळात सगळं पाणी चढवून ठेवायचं, म्हणून एका कामाला आठ-आठ जणी.

एक चक्की दिसायला सुंदर, पण ती एकटीने काहीच कोरडं करत नाही. चर, खालचं बूझेम, चाक, आपोआप मिटणारं दार, वरचं बूझेम, ओहोटी. या माळेतला एक मणी म्हणून तिच्याकडे पाहिलं की ती समजते. फोटोत चक्की येते, माळ येत नाही, आणि ते मला फार लागतं. पर्यटक पाती पाहून परत जातात. चाकाकडे खाली वाकून पाहणारे दिवसभरात दोन-तीन.

मातीकाम

यंत्र उत्तम सांगितलंत. मी मातीच्या बाजूने भर घालतो. माझं काम पायाभरणीचं, त्यामुळे इथली जमीन रोज हाताखाली असते.

गोदातीर काकू, तुमच्या आकृतीत शेत खाली आणि पाणी वर हे पहिल्यापासून धरलेलं आहे. पश्चिम नेदरलँड्सचा मोठा भाग मात्र मुळात असा नव्हता. हजार वर्षांपूर्वी इथे पीटच्या दलदली होत्या, म्हणजे कुजत आलेल्या वनस्पतींचे पाण्याने फुगलेले जाड थर. ते समुद्रसपाटीच्या वरच होते. लोकांनी चर खणले, पाणी उताराने आपोआप नदीत गेलं, शेती सुरू झाली. पण पीटमधलं पाणी गेलं की ती आक्रसते, आणि हवा लागली की हळूहळू जळून गेल्यासारखी नाहीशी होते. वर्षाला काही मिलिमीटर, कुठे सेंटिमीटरच्या आसपास. शंभर-दोनशे वर्षांत शेत नदीच्या पातळीला आलं, मग तिच्या खाली गेलं. म्हणून बांध आले. मग ओहोटीला उघडणारी दारं आली. तेही पुरेना, तेव्हा पाणी उपसणारी पवनचक्की आली. अशा चक्कीचा सर्वांत जुना उल्लेख १४०८ मधला, आल्कमारजवळचा.

आणि चक्कीने पाणी आणखी खाली नेलं की जमीन आणखी बसली. किंडरडाइकला १७३८ पर्यंत नुसत्या दारांवर भागत होतं, नंतर भागेना, याचं एक कारण हेच.

तळी उपसून केलेल्या शेतांची गोष्ट वेगळी. बेमस्टर हे अख्खं तळं होतं, ७,००० हेक्टरहून मोठं. ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पैसा घातला, यान लेगवाटर हा चक्क्यांच्या कामातला प्रमुख माणूस. तळ्याभोवती गोल बांध आणि बांधाबाहेर गोल कालवा. १६१० मध्ये वादळाने समुद्राकडचा बांध फुटला आणि कोरडं होत आलेलं तळं पुन्हा भरलं. त्यांनी चक्क्या वाढवल्या, बांध उंच केला आणि १६१२ मध्ये तळ कोरडा केला. चक्क्यांची संख्या शेवटी ४० च्या वर गेली. शेजारच्या स्खेर्मरला, १६३५ मध्ये, ५२ चक्क्या लागल्या. त्यांतल्या ११ आज उभ्या आहेत. एवढ्या खोल तळ्यात एका पायरीने भागत नाही, म्हणून तीन-चार चक्क्या एकीमागे एक, पहिलीने चढवलेलं दुसरीने उचलायचं.

शेवंती

एक शंका. हे सगळं आता मोठ्या पंपांनी होतं ना? किंडरडाइकला चक्क्यांच्या अलीकडे प्रचंड स्क्रू फिरताना दिसतात, तेच खरं काम करतात असं ऐकलंय. मग चक्क्या आता फक्त जपून ठेवलेल्या वस्तू आहेत का?

वाऱ्याची_वाट

शेवंतीताई, किंडरडाइकपुरतं बरंचसं खरं आहे. १८६८ मध्येच तिथे वाफेवरचं पंपघर आलं. तरी चक्क्या त्याच्या जोडीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कामात होत्या. दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेनासं झालं तेव्हा सखल गावं कोरडी ठेवायला याच चक्क्या पुन्हा फिरल्या. आज पाणी स्क्रू-पंप चढवतात.

पण आर्लांडरफेनला जा. आल्फेन आन डेन राइनच्या जवळ. तिथे चार चक्क्यांची माळ आहे, मातीकाम यांनी सांगितलेली पायऱ्यांचीच रीत. ती आजही आपला पोल्डर वाऱ्यावर कोरडा ठेवते. वारा नसेल तेव्हा विजेचा पंप मदतीला असतो, पण मुख्य काम चक्क्यांचं. अशी चालती चौकडी जगात दुसरी उरलेली नाही.

आणि चक्की नुसती जपून ठेवली तर ती टिकतही नाही. फिरत नसलेल्या लाकडात ओल धरते, किडे शिरतात, एकाच बाजूला भार राहून आस वाकते. गुरुजी म्हणतात, उभ्या चक्कीची दुरुस्ती फिरत्या चक्कीपेक्षा महाग पडते. आठवड्यातून एकदा तरी तिला फिरवलंच पाहिजे.

फिरवणं म्हणजे काय, तेही सांगतो. शनिवारी सकाळी पोचलो की पहिला अर्धा तास आम्ही कशालाही हात लावत नाही. आकाश बघतो. ढग कुठून येतात, त्यांच्या कडा कशा आहेत, गवत कसं वाकतं. मग मागच्या शेपटाच्या चाकावर साखळी ओढत ओढत अख्खी टोपी वाऱ्याकडे वळवायची. मग पात्यावर शिडीसारखं चढून कापड सोडायचं, एकेक करून चारही. वारा जोर धरेल असं वाटलं तर कापड अर्धंच. ब्रेक सोडला की मोजणी सुरू. इथे फेऱ्या मोजत नाहीत, समोरून जाणारी टोकं मोजतात. मिनिटाला ८० टोकं म्हणजे वीस फेऱ्या. किंडरडाइकच्या पात्यांचा विस्तार २८ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्या वेगाला पात्याचं टोक ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातं. जमिनीपासून हातभर अंतरावरून. म्हणूनच अशा चक्कीला समोरासमोर दोन दारं असतात. पाती एका दारापुढे असतील तर बाहेर पडायला दुसरं.

गेल्या जूनमध्ये माझ्या हातून चूक झाली. पश्चिमेला ढग चढत होता. मला वाटलं, वीस मिनिटं आहेत. दहाही नव्हती. जोराची झुळूक आली आणि टोकांची मोजणी शंभराकडे गेली. अशा वेळी ब्रेक करकचून दाबला तर लाकडावर लाकूड घासून आग लागू शकते. चक्क्या अशा जळाल्या आहेत. गुरुजी धावत आले. त्यांनी माझ्या हातातला दोर घेतला आणि झुळूक ओसरायची वाट बघत ब्रेक थोडा थोडा टेकवत नेला. थांबल्यावर पात्याला आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी साखळी जोडली, कापड गुंडाळलं, आम्ही आत आलो आणि पाऊस कोसळला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की ढग दिसला तेव्हाच तू थांबायला हवं होतंस. आता मी ढग दिसला की थांबतो.

काकू, पात्यांचं थोडं अजून. समोरून पाहिलं तर इथली चक्की घड्याळाच्या उलट फिरते. हे लक्षात ठेवलं की पुढचं वाचता येतं. वरचं पातं माथा गाठायच्या किंचित आधी थांबवलं तर घरात आनंदाची गोष्ट आहे, लग्न किंवा बाळ. माथा ओलांडून किंचित पुढे थांबवलं तर दुःख आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या चक्कीचे म्हातारे मोलेनार गेले. त्या आठवड्यात पोल्डरमधल्या तिन्ही चक्क्यांची पाती माथ्याच्या पुढे होती. कुणी कुणाला फोन केला नव्हता. पहिली दिसली, मग दुसरीने तसंच केलं.

नातीला घेऊन शनिवारी या बाजूला आलात तर निळं निशाण फडकत असलेली चक्की शोधा. निळं निशाण म्हणजे आत या.

मातीकाम

ही पात्यांची भाषा ठाऊक नव्हती. उद्या कामावर जाताना वाटेतली चक्की बघेन.

गोदातीर

मंडळी, इतकं मनापासून लिहिलंत, किती आभार मानू? सगळं नातीला वाचून दाखवलं. दाराचं दोनदा वाचायला लावलं.

काल शनिवारी जावयांनी आर्लांडरफेनला नेलं. तिसऱ्या चक्कीवर निळं निशाण होतं. तिथल्या मोलेनार बाईंनी नातीला पाण्याकडच्या बाजूला नेऊन कठड्यामागे उभं केलं. इथे फळ्यांचं चाक नव्हतं, लांबलचक तिरका लाकडी स्क्रू होता. त्याच्या पीळातून पाणी वर येताना पाहून ती काही बोललीच नाही. मग बाहेर येऊन गवतावर बसली आणि जावयांच्या घड्याळावर एक मिनिट लावून टोकं मोजली. चौसष्ट.

रात्री तिने वहीत आकृती काढली. डावीकडे नदी, मग बांध, मग वरचं बूझेम, मग चक्की, खालचं बूझेम, चर आणि सगळ्यात खाली शेत. दार वेगळ्या रंगाने, बाण दोन्ही बाजूंनी. गाय मी काढून दिली.